हाली रुपया

चौबाऱ्याच्या खालच्या अंगाला,
झेरॉक्स आणि रसवंतीच्या मधोमध
सहा बाय आठचं माझं दुकान.
पाटीवर मन्मथ मोबाईल, उदगीर. त्यातला 'मो' उन्हानं गेलाय.

तहसीनबी आल्या. शाळेचे गणवेश शिवतात त्या,
बोटात अजून अंगुस्तान.
ओढणीच्या गाठीतून फोन काढला,
जिद्दाहून भावानं धाडलेला, काचेवर ओरखडा नाही.
"सिम घातलं की थुकून टाकायलाय बगा. कामून?"

फोन धडधाकट होता.
फक्त तिकडच्या एका कंपनीचा बांधील,
पाडवा उलटून गेला तरी
मालकाच्याच दारात उभा राहिलेल्या सालगड्यासारखा.

माझे आजोबा निजामाच्या करोडगिरी नाक्यावर चपराशी होते.
त्यांच्या तंबाखूच्या डबीत एक हाली रुपया राहून गेला.
अलीकडं त्याला बाजार होता.
पलीकडं सोलापुरात सराफ तो उलटा करून बघायचा
आणि बट्टा कापायचा.
चांदी तीच, नुसता शिक्का परका.

उघडता येतो. पंधरा मिनिटं, एक केबल,
आणि पेनड्राइव्हमधलं एक चोरटं सॉफ्टवेअर.
उघडावा का, हे विचारायला वरच्या माळ्यावर गेलो,
बिराजदार वकिलांकडं.
त्यांनी कायद्याचा कागद काढला, आधी हिंदी, मागून इंग्रजी,
आणि चष्मा कपाळावर सारून बोट फिरवत राहिले.
फोनच्या पंधरा आकड्यांना हात लावलास
तर तीन वर्षांपर्यंत आत, पन्नास लाखांपर्यंत दंड.
हे लख्ख लिहिलेलं.
"आणि कुलूप?"
बोट खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली.
कुलपाची ओळ काही गवसेना.
"मना नाही," ते म्हणाले,
"पण मना नाही म्हणजे मंजूर,
असं मी लिहून देणार नाही. चहा घे."

जिना उतरताना मावशीचं मनगट आठवलं.
त्यावर माहेरचं नाव गोंदलेलं,
खोडायला जावं तर कातडं निघेल असं.
पंधरा आकडे तसे. त्यांना ॲसिड लावायचं नसतं.
कुलूप म्हणजे नुसती कडी,
आणि ती बाहेरून कुणी घातली
एवढंच विचारायचं.

त्याच संध्याकाळी एक पोरगा आला, गाडी चालूच ठेवून.
"आकडे फिरवून दे. दोन हजार."
फोनच्या कव्हरात दुसऱ्या कुणाच्या लेकराचा फोटो होता,
टोपडं घातलेलं, रडायच्या बेतात.
मी म्हणालो, लाईट नाही.
डोक्यावर पंखा फिरत होता.
त्यानं वर बघितलं, माझ्याकडं बघितलं,
आणि गेला.

तहसीनबींच्या भावाला मी निरोप धाडला,
बिल शोध, करार कधी संपला ते सांग,
कंपनीकडं रीतसर कोड माग.
एकोणीस दिवस लागले.
दर शुक्रवारी त्या येऊन उभ्या राहायच्या,
काचेखालचा फोन बघायच्या, काही न बोलता निघून जायच्या.
समोरच्या दुकानवाल्यानं एकदा हटकलं,
"तीनशे घे आणि फोड की! कोण विचारतंय?"
खरंच, कोण विचारत होतं?

कोड आला. आठ आकडी.
मी स्टूल पुढं केलं. "तुम्हीच दाबा."
त्यांनी अंगुस्तान काढून ठेवलं,
काचेला पितळ कळत नाही.
आकडे उर्दूत पुटपुटत, एकेक.
टॉवरची एक काडी उगवली, दुसरी,
मग उरलेल्या दोन एकदम.

मला वाटलं, भावाला लावतील.
त्यांनी शाळेत लावला.
"सर, सहावीच्या पोरींच्या बाह्या किती इंच धरू?"

मी रजिस्टर उघडलं.
नाव, आधार, बिघाड, काम, मजुरी.
बिघाडाच्या रकान्यात 'बट्टा' लिहिलं, मग खोडलं.
दोनशे सांगितले. त्यांनी दीडशे ठेवले.
"कोड भावानं आणला, बोट माझं. तू काय केलास?"

बरोबर होतं.
एकोणीस दिवस न उघडण्याची मजुरी
कोणत्या रकान्यात धरतात,
ते बिराजदारांनाही विचारलं नाही अजून.